सिम बेसबॉलमधली ऐतिहासिक फ्रँचायझी लीग: संघांचा समतोल कसा साधायचा

सिम बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवरून सामने खेळवणारा खेळ. त्यातल्या फ्रँचायझी थीम लीगमध्ये प्रत्येक मालक एक क्लब घेतो आणि त्या क्लबच्या सव्वाशे वर्षांतल्या कुठल्याही हंगामातले खेळाडू उचलून २५ जणांचा संघ बांधतो. संघांच्या ताकदीत तफावत पडू नये म्हणून कमिशनर (लीग चालवणारा) सगळ्यांना सारखीच सॅलरी कॅप (खेळाडूंवर खर्च करायची कमाल रक्कम) देतो आणि काम झालं असं समजतो. तिथेच लीग बिघडते. सारखी कॅप म्हणजे सारखी संधी नसते, कारण यँकीजच्या मालकाला प्रत्येक जागेसाठी वीस पर्याय असतात आणि १९९८ मध्ये आलेल्या रेजच्या मालकाला दोन. फ्रँचायझीची ताकद तिच्या सर्वात मोठ्या ताऱ्यावरून मोजू नका. तिची सर्वात अडचणीची जागा कोणती आणि तिथे किती पर्याय आहेत, ते पाहा. पुढचे टप्पे याच तत्त्वावर बेतले आहेत. क्रम बदलू नका. कॅपचा आकडा आधी ठरवून बाकीचं नंतर बसवू गेलात तर सगळं दोनदा करावं लागतं.

## सुरुवातीची तयारी

नोंदणी उघडण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली, तुमच्या इंजिनाची, म्हणजे सामने खेळवणाऱ्या खेळाची, नीट माहिती. आउट ऑफ द पार्क, डायमंड माइंड, स्ट्रॅट-ओ-मॅटिक, व्हॉटइफस्पोर्ट्स यांपैकी काहीही वापरा, पण खेळाडूचा आकडा जसाच्या तसा घेतला जातो की त्या वर्षाच्या लीग सरासरीशी तोलून, ते शोधून काढा. दुसरी, प्रत्येक खेळाडू-हंगामाची एक ओळ असलेली स्प्रेडशीट: क्लब, वर्ष, जागा, प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला येण्याच्या खेपा) किंवा इनिंग, किंमत. तिसरी, डेझिग्नेटेड हिटरचा, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूचा, निर्णय. अमेरिकन लीगमध्ये हा नियम १९७३ पासून आहे, नॅशनल लीगमध्ये कायमचा आला तो २०२२ मध्ये. तुमच्या लीगमध्ये तो असला तर क्षेत्ररक्षणात कच्चे पण बॅटने तगडे खेळाडू असलेल्या क्लबांना सरळ फायदा होतो, म्हणून हे मोजमापाआधी ठरायला हवं. चौथी, संघसंख्या.

क्रिकेटच्या सवयीने येणाऱ्यांसाठी: इथे बॅटिंग ॲव्हरेज .३०० म्हणजे दहा अ‍ॅट-बॅटमध्ये तीन हिट, आणि पिचरचा ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा.

## टप्पा १: वंशावळ लिहून काढा

कुठला क्लब कुठे गेला, हे कागदावर उतरल्याशिवाय एकाही मालकाला फ्रँचायझी देऊ नका. भांडणं नेहमी याच ठिकाणी होतात:

- वॉशिंग्टन सेनेटर्स दोन आहेत. १९०१ ते १९६० चे सेनेटर्स मिनेसोटा ट्विन्स झाले, म्हणून वॉल्टर जॉन्सन ट्विन्सचा. १९६१ ते १९७१ चे सेनेटर्स टेक्सास रेंजर्स झाले, म्हणून फ्रँक हॉवर्डचे वॉशिंग्टनचे हंगाम रेंजर्सकडे. आजचे वॉशिंग्टन नॅशनल्स तिसरेच: ते २००४ पर्यंत माँट्रियल एक्स्पोज होते.
- १९०१ चे मिलवॉकी ब्रूअर्स पुढच्याच वर्षी सेंट लुइस ब्राउन्स झाले आणि १९५४ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स. जॉर्ज सिसलरचा १९२२ चा .४२० चा हंगाम म्हणून ओरिओल्सचा आहे. आजचे ब्रूअर्स १९६९ च्या सिएटल पायलट्समधून आले.
- १९०१-०२ चे बाल्टिमोर यँकीजच्या खात्यात धरायचे की नाही, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. यँकीजना मदतीची गरज नाही. वगळा.
- ब्रेव्ह्ज बोस्टन, मिलवॉकी (१९५३) आणि अटलांटा (१९६६) अशा तिन्ही गावांचे. ॲथलेटिक्स फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी (१९५५) आणि ओकलंड (१९६८ ते २०२४) इथले.

वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या असलेल्या निग्रो लीग्जचे हंगाम आता अधिकृत आकडेवारीत आहेत. मेजर लीग बेसबॉलने त्या सात लीगना २०२० मध्ये मान्यता दिली आणि २०२४ मध्ये आकडे एकत्र केले. पण कॅन्सस सिटी मोनार्क्सचा खेळाडू गावाच्या नावावरून रॉयल्सना देणं चूक आहे. त्या क्लबांना स्वतंत्र फ्रँचायझीचा मान द्या.

तपासणी: कुठलीही पाच नावं निवडा आणि यादी न बनवणाऱ्या दोघांना वेगवेगळं विचारा, की हा खेळाडू कुणाकडे जाईल. एका जरी नावावर उत्तरं वेगळी आली तर नियम पुन्हा लिहा.

## टप्पा २: हंगामांची चाळणी

१८९३ पूर्वीचे हंगाम बाहेर ठेवा, कारण पिचिंगचं अंतर ६० फूट ६ इंच झालं ते त्या वर्षी. सोपा आणि जास्त न्याय्य पर्याय १९०१ पासून सुरुवात करण्याचा आहे, कारण तेव्हा दोन्ही लीगचे मिळून १६ क्लब एकाच रेषेवर उभे असतात. त्याआधीची वर्षं धरली तर फक्त जुन्या नॅशनल लीगच्या आठ क्लबांना आठ जादा हंगाम फुकट मिळतात.

२०२० चा ६० सामन्यांचा हंगाम बंद करा. तो १६२ सामन्यांच्या पूर्ण हंगामावर नेण्यासाठी २.७ ने गुणावं लागतं आणि दोन महिन्यांची लहर वर्षभराची गुणवत्ता म्हणून बसते. १९८१, १९९४ आणि १९९५ चे संपाने तोडलेले हंगाम ठेवायला हरकत नाही, पण इंजिन ते लांबवतं का ते पाहा. १९९४ मध्ये टोनी ग्विनने ११० सामन्यांत .३९४ मारले, लांबवलं तर पाद्रेजना पूर्ण हंगामाचा ग्विन मिळतो, नाही तर दोन-तृतीयांश.

मग येतात छोट्या नमुन्याचे खेळाडू. बॉब हेझल १९५७ मध्ये मिलवॉकीसाठी ४१ सामने खेळला, १३४ अ‍ॅट-बॅट, .४०३. नियम नसेल तर प्लेऑफमध्ये किंवा मोक्याच्या पिंच-हिटला (बदली बॅटर म्हणून) असेच हेझल बाहेर काढले जातात. नियमित बॅटरसाठी किमान ३०० प्लेट अपिअरन्स, राखीवासाठी १००, रिलीव्हरसाठी (मध्येच बदली येणाऱ्या पिचरसाठी) ४० इनिंग ही चाळण पुरेशी आहे. हेझल राखीव म्हणून राहतो, पण रोज खेळत नाही.

हंगामाच्या मध्यावर विकलेले खेळाडू वेगळे पाहा. मार्क मॅग्वायरच्या १९९७ च्या ५८ होम रनपैकी ३४ ओकलंडसाठी, २४ सेंट लुइससाठी. काही इंजिनं क्लबवार ओळ देतात, काही एकत्र. एकत्र ओळ असेल तर ५८ दोघांनाही मिळतात. नियम असा ठेवा: ज्या क्लबसाठी जास्त सामने, त्याचाच खेळाडू.

सावधान: सी. सी. सबाथियाने २००८ मध्ये ब्रूअर्ससाठी १३०⅔ इनिंगमध्ये १.६५ चा ईआरए दिला; त्याच्या त्या वर्षीच्या इनिंगचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा तिथला आहे, पण सामने क्लीव्हलँडसाठी एकाने जास्त. वरच्या नियमाने अशा क्लबची एक मोठी पुंजी जाऊ शकते. ती पुढच्या मोजमापात आपोआप धरली जाते, म्हणून इथे अपवाद करू नका.

## टप्पा ३: काळ आणि मैदान यांचा परिणाम काढून टाका

१९३० मध्ये संपूर्ण नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगची .२३०. त्या १९६८ मध्ये कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ वर बॅटिंगचा मानकरी ठरला. कच्चे आकडे वापरणाऱ्या इंजिनात १९३० चा साधा बॅटर त्याला मागे टाकतो आणि बॉब गिब्सनचा १.१२ चा ईआरए अवाजवी भारी पडतो. १९६९ मध्ये पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला, तो उगीच नाही.

तुलना नेहमी सापेक्ष आकड्याने करा. ओपीएस म्हणजे बॅटरचं बेसवर पोचण्याचं प्रमाण आणि फटक्यांची ताकद यांची बेरीज. ओपीएस प्लस आणि ईआरए प्लस हे त्या वर्षाची लीग सरासरी १०० धरून, मैदानाचा परिणाम वजा करून काढलेले असतात. टॉड हेल्टन, रॉकीज, २०००: ओपीएस १.१६२. यास्त्रेम्स्की, १९६८: ओपीएस .९२२. सापेक्ष केल्यावर हेल्टन १६३ आणि यास्त्रेम्स्की १७१. उलट दिशेने पेद्रो मार्टिनेझचा २००० चा १.७४ हा गिब्सनच्या १.१२ पेक्षा जास्त दुर्मीळ ठरतो: ईआरए प्लस २९१ विरुद्ध २५८.

मैदानाचा घोळ याहून वारंवार होतो. हेल्टनच्या आकड्यांत कूर्स फील्डचा फुगवटा आधीच आहे. रॉकीजना घरचं मैदान म्हणून कूर्स दिलं आणि इंजिन मैदानाचा गुणक पुन्हा लावत असेल, तर एकच फायदा दोनदा मोजला जातो. फिलीजचं जुनं मैदान बेकर बोल आणि त्यांचा बॅटर चक क्लाइन यांचंही तेच. इंजिन खेळाडूंचे आकडे मैदानमुक्त करून घेतं याची खात्री नसेल तर सगळ्या संघांना तटस्थ मैदान द्या. मालक कुरकुरतील. तरीही द्या.

जुन्या नोंदींतल्या गाळलेल्या जागाही पाहा. नॅशनल लीगमध्ये १९२६ ते १९५० दरम्यान बेस चोरताना बाद झाल्याची अधिकृत नोंद नाही. ती जागा इंजिन शून्य धरत असेल तर त्या काळातला बेस चोरणारा कुणीच कधी पकडला जात नाही. त्या वर्षांतला एक बऱ्यापैकी बेस चोरणारा घ्या, त्याला ५० सामने खेळवा आणि किती वेळा बाद होतो ते मोजा.

## टप्पा ४: इनिंगचा हिशेब

समतोल सर्वात जास्त बिघडतो तो इथे, आणि कॅपकडे डोळे लावून बसलेल्या कमिशनरला तो दिसत नाही.

१६२ सामने गुणिले ९ म्हणजे १,४५८ इनिंग प्रत्येक संघाला पुरवायच्या आहेत. आता दोन क्लब शेजारी ठेवा आणि प्रत्येकाचे चार चांगले स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) घ्या.

ट्विन्स: वॉल्टर जॉन्सन १९१३ (३४६), बर्ट ब्लायलेव्हन १९७३ (३२५), जिम काट १९६६ (३०४⅔), योहान सांताना २००४ (२२८). बेरीज १,२०३⅔. उरल्या २५४⅓.

रेज: जेम्स शील्ड्स २०११ (२४९⅓), डेव्हिड प्राइस २०१२ (२११), स्कॉट काझमिर २००७ (२०६⅔), ब्लेक स्नेल २०१८ (१८०⅔). बेरीज ८४७⅔. उरल्या ६१०⅓.

एक रिलीव्हर साधारण ७० इनिंग देतो असं धरा. ट्विन्सना आणखी ४ पिचर लागतात, रेजना ९. म्हणजे २५ जणांत ट्विन्सकडे ८ पिचर आणि १७ बॅटर. रेजकडे १३ पिचर आणि १२ बॅटर. ट्विन्स प्रत्येक जागेवर डावखुऱ्या-उजव्या पिचरप्रमाणे बॅटर बदलू शकतात. रेजकडे कॅचर दुखावला तर पर्याय शोधावा लागतो. कॅप सारखी असूनही ही तफावत राहते. शिवाय १९१३ चा हंगाम १५४ सामन्यांचा होता. इंजिन तो १६२ वर नेत असेल तर जॉन्सन आणखी लांब जातो.

उपाय तीन आहेत, आणि पहिला सर्वात स्वच्छ:

१. एका पिचरला जास्तीत जास्त २८० इनिंग. एड वॉल्शच्या १९०८ च्या ४६४ इनिंग विकत घेतल्या तरी २८० च वापरता येतील, आणि किंमत पूर्ण.

२. रोस्टर २५ ऐवजी २८ चा. याने तफावत कमी होते, मिटत नाही.

३. १९२० पूर्वीचा एकच स्टार्टर प्रत्येक संघात. हे विस्तारातल्या नव्या क्लबांना पटतं, पण व्हाइट सॉक्ससारख्या जुन्या क्लबची खरी ओळखच कापली जाते. नाइलाज असेल तरच.

तपासणी: सगळ्या फ्रँचायझींसाठी चार सर्वोत्तम स्टार्टरच्या (२८० च्या मर्यादेनंतरच्या) इनिंगची बेरीज काढा. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या क्लबमध्ये ३०० हून जास्त अंतर उरलं तर मर्यादा आणखी खाली आणा.

## टप्पा ५: क्लबची खोली मोजा

एकाच माणसाने, एकाच पद्धतीने, प्रत्येक फ्रँचायझीचे दोन संघ बांधायचे. अ संघ एक तात्पुरती कॅप धरून आणि ती पूर्ण वापरून. ब संघ अ मधला एकही माणूस न घेता. एका संघात एका व्यक्तीचा एकच हंगाम, हा नियम आधीपासून लागू धरा.

अ आणि ब मधलं अंतर हेच क्लबच्या खोलीचं माप आहे. यँकीजचा ब संघही लीगमध्ये टिकेल. १९९३ मध्ये आलेल्या रॉकीज-मार्लिन्सचा आणि १९९८ मध्ये आलेल्या डायमंडबॅक्स-रेजचा ब संघ बांधताना तुम्हाला एखादी जागा अक्षरशः भरून काढावी लागेल. ती जागा लिहून ठेवा. टप्पा ७ मध्ये लागणार आहे.

कॅपचा आकडा आता ठरवा. दुबळ्या क्लबचा अ संघ ज्या रकमेत शेवटचा डॉलरही शहाणपणाने खर्च करू शकतो, ती रक्कम तुमची कॅप. त्याहून वर गेलात तर जुने क्लब तारे घेतात आणि नव्यांना सामान्य खेळाडूसाठी जास्त मोजूनही पैसे उरतात. फार खाली गेलात तर ज्यांच्याकडे स्वस्त आणि उपयोगी राखीव खेळाडू ढिगाने आहेत ते जिंकतात, आणि तेही पुन्हा जुनेच क्लब असतात.

तुमची लीग २४ संघांची असेल तर ३० क्लब कसे बसवायचे? १६ मूळ क्लब स्वतंत्र ठेवा. विस्तारातले १४ क्लब आठ संघांत बसवा: सहा जोड्या आणि दोन एकटे. एकटे राहण्यासाठी १९६२ मध्ये आलेले मेट्स आणि ॲस्ट्रोज योग्य, त्यांच्याकडे पिचिंग पुरेसं खोल आहे. जोड्या लावताना एकाची बॅटिंग आणि दुसऱ्याचं पिचिंग असा जुगाड करू नका, त्यातून भलताच बलाढ्य संघ तयार होतो. सारख्या ताकदीचे क्लब जोडा. मरिनर्स आणि डायमंडबॅक्स जोडले तर रँडी जॉन्सन एकदाच वापरता येतो, म्हणजे ती जोडी कागदावर दिसते तेवढी भारी नाही.

## टप्पा ६: चाचणी हंगाम चालवा

एक हंगाम चालवून निष्कर्ष काढणं ही सर्वात महागात पडणारी चूक. अगदी सारख्या ताकदीच्या संघांच्या १६२ सामन्यांतल्या विजयांत निव्वळ नशिबाने पडणारं प्रमाण विचलन सुमारे ६.४ असतं. २४ संघ एकसारखे असले तरी कुणी ६८ वर आणि कुणी ९४ वर दिसू शकतो. त्या ९४ वाल्याची कॅप कापणारा कमिशनर नशिबाला दंड करत असतो.

५० हंगाम चालवा. मग सरासरीतली अनिश्चितता साधारण ०.९ विजयांवर येते. २० च चालवता आले तर १.४ धरा आणि ३ विजयांहून कमी फरकाकडे दुर्लक्ष करा. विजयांऐवजी धावांकडे पाहिलं तर चित्र लवकर स्थिरावतं: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ८०० केल्या आणि ७०० दिल्या तर .५६६, म्हणजे सुमारे ९२ विजय.

जिथे हंगाम मनाप्रमाणे पुन्हा पुन्हा चालवता येत नाहीत, तिथे टप्पा ४ आणि ५ चे आकडे हाच आधार, आणि वाटप बोलीनेच करा.

## टप्पा ७: दुरुस्ती, पैशाने की उसन्या खेळाडूने

आधी पैशाची किंमत काढा. मधल्या ताकदीची एक फ्रँचायझी घ्या, तिचा संघ १००, १०५ आणि ११० टक्के कॅपवर बांधा आणि तिन्ही चालवा. समजा ५ टक्क्यांनी ४ विजय वाढले, तर ७५ विजयांवरच्या क्लबला ८१ वर आणायला साडेसात टक्के हवेत. पहिल्या फेरीत हिशेबाच्या दोन-तृतीयांशच द्या, म्हणजे ५ टक्के. बाकीचं अंतर मालकाच्या कौशल्याने भरून निघतं किंवा वाढतं, आणि ते तुमच्या हातात नसतं.

नंतर तोच प्रयोग सर्वात दुबळ्या क्लबवर करा. पैसे वाढवूनही विजय जवळपास तेवढेच राहिले, तर अडचण पैशाची नाही. त्या क्लबकडे घेण्यासारखा दुसरा कॅचर किंवा शॉर्टस्टॉपच नाही. अशा क्लबला जादा कॅप देणं म्हणजे दुकान बंद असताना हातात पैसे देणं. त्याला उसन्या खेळाडूची जागा द्या: टप्पा ५ मध्ये लिहून ठेवलेल्या त्या एका जागेसाठी, ज्याचे हंगाम लीगमधल्या कुठल्याच क्लबने घेतलेले नाहीत असा खेळाडू, किंमत मधल्या पातळीपर्यंत. उसनवारी दोनच्या पुढे नेऊ नका. तीन झाल्या की तो रेज राहत नाही.

सावधान: बलाढ्य क्लबची कॅप कापताना एका झटक्यात ८ टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नका. कापलेल्या कॅपचा फटका राखीव खेळाडूंना बसतो, आणि राखीव संपले की थकव्याने सप्टेंबरमध्ये संघ कोसळतो. ते समतोलासारखं दिसतं, पण असतं वेगळंच.

दुरुस्ती केल्यावर पुन्हा ५० हंगाम. सर्व संघ ७५ ते ८७ च्या पट्ट्यात आले की थांबा. त्याहून बारीक करण्यात वेळ जातो आणि मालकांच्या चुकीच्या लाइनअपमुळे पडणारा फरक त्याच्या दुप्पट असतो.

## टप्पा ८: वाटप

दुरुस्त कॅप जाहीर करूनच फ्रँचायझी वाटा. आवडीचा क्लब आधी आणि कॅप नंतर असं केलं तर प्रत्येक टक्क्यावर वाद होतो.

चिठ्ठ्या टाकणं चालतं, पण बोली जास्त चांगली. प्रत्येक मालक बंद लखोट्यात लिहितो, की अमुक क्लबसाठी मी कॅपचे किती टक्के सोडायला तयार आहे. सर्वात जास्त सोडणाऱ्याला क्लब. वरची मर्यादा ८ टक्के ठेवा, कारण नवा मालक बेब रूथच्या १९२१ च्या हंगामावर भुलून १५ लिहितो आणि जूनपर्यंत लीग सोडतो. बरोबरी झाली तर दुसऱ्या पसंतीला कमी बोली लावलेल्याला प्राधान्य.

रोस्टर लॉक होण्याआधी प्रत्येक संघाच्या या पाच खुणा तपासा: एकूण इनिंग १,४५८ च्या वर किमान ५० ने, प्लेट अपिअरन्स सुमारे ६,२०० च्या आसपास, दोन कॅचर, एका व्यक्तीचा एकच हंगाम, उसना खेळाडू फक्त मंजूर जागेवर. कुठे कमी पडलं तर मालकाला ४८ तास द्या. त्यानंतर त्याच क्लबचा सर्वात स्वस्त पात्र खेळाडू कमिशनरने स्वतः भरायचा आणि जागा, वर्ष, किंमत यांची नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची.